ताप उतरला, तरी महिनाभर सांभाळा
विषाणूच्या आजारानंतर होणाऱ्या रक्ताच्या गुठळ्या आणि लकवा

२०२१ च्या उन्हाळ्यातली कोरोनाची दुसरी लाट जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतले कोणतेही घर विसरलेले नाही. खाटेसाठी धावपळ, ऑक्सिजनची शोधाशोध, रात्री-अपरात्री येणारे फोन. त्या दिवसांत दवाखान्यातून दोन नवीन शब्द आपल्या वस्त्यांपर्यंत आले. एक ‘डी-डायमर’ आणि दुसरा ‘पोटातले इंजेक्शन’. ताप फुप्फुसाचा, मग रक्ताची ही तपासणी कशाला आणि बेंबीजवळ रोज टोचायचे कशासाठी, असा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला होता. डॉक्टरांना समजावून सांगायला वेळ नव्हता आणि आपल्याला विचारायचे भान नव्हते.

उत्तर असे आहे. रक्तात गुठळ्या होऊन त्या विरघळू लागल्या की डी-डायमरचे प्रमाण वाढते. पोटावर दिलेले इंजेक्शन हेपॅरिन जातीचे, म्हणजे गुठळी होऊ न देणारे औषध होते. कोरोना हा केवळ फुप्फुसाचा आजार नाही, तो रक्तवाहिन्यांनाही इजा करतो, हे तोपर्यंत जगभरच्या डॉक्टरांच्या लक्षात आले होते. मृत रुग्णांच्या शवविच्छेदनात फुप्फुसाच्या बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या सापडल्या होत्या. काही रुग्ण बरे होऊन घरी आले आणि दहा-पंधरा दिवसांनी लकव्याने किंवा हृदयविकाराने गेले. ‘बरा झाला होता हो, मग असं कसं झालं?’ हे वाक्य त्या वर्षी कितीतरी घरांत उच्चारले गेले.

लाट ओसरली. पण त्या वर्षाने शिकवलेली गोष्ट आजही कामाची आहे, कारण ती फक्त कोरोनापुरती नाही. ताप उतरला म्हणजे आजाराचा धोका संपला असे नसते. पुढचे काही आठवडे रक्त गोठण्याची शक्यता नेहमीपेक्षा जास्त असते. या काळात काय सांभाळायचे आणि कोणते लक्षण दिसताच घर सोडून धावायचे, एवढे माहीत असेल तर जीव आणि हातपाय दोन्ही वाचू शकतात.

रक्त का गोठते?

बोट कापले की थोड्या वेळात रक्त थांबते. रक्तातल्या प्लेटलेट पेशी आणि काही प्रथिने मिळून तिथे गुठळी तयार करतात. ही शरीराची सोय आहे. अडचण येते ती जखम नसताना रक्तवाहिनीच्या आत गुठळी झाली तर.

विषाणू शरीरात शिरला की त्याच्याशी लढताना सगळीकडे दाह होतो. रक्तवाहिनीचे आतले अस्तर एरवी गुळगुळीत असते, ते या दाहाने दुखावते. प्लेटलेट चिकट होतात. यकृत रक्त गोठवणारी प्रथिने जास्त तयार करू लागते. त्यात तापामुळे घाम जातो, जेवण-पाणी कमी होते, रक्त दाट होते. शिवाय माणूस आठ-आठ दिवस खाटेवर पडून असतो, त्यामुळे पायांतले रक्त संथ वाहते. या सगळ्या गोष्टी एका वेळी जमल्या की गुठळी व्हायला वाट मिळते.

गुठळी कुठे होते त्यावर आजार ठरतो. पायाच्या शिरेत झाली तर पाय सुजतो. तीच सुटून फुप्फुसात गेली तर अचानक दम लागतो आणि जीवही जाऊ शकतो. हृदयाच्या रक्तवाहिनीत झाली तर हृदयविकाराचा झटका. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकली तर पक्षाघात, ज्याला आपण लकवा म्हणतो किंवा ‘अंगावरून वारं गेलं’ असे म्हणतो. वाऱ्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. मेंदूच्या एका भागाचा रक्तपुरवठा बंद पडलेला असतो, एवढाच त्याचा अर्थ.

कोणत्या आजारानंतर?

*कोरोना.* स्वीडनमध्ये दहा लाखांहून अधिक कोरोना रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. पायातल्या गुठळीचा धोका तीन महिने, तर फुप्फुसातल्या गुठळीचा धोका सहा महिन्यांपर्यंत वाढलेला दिसला. घरीच बरे झालेल्या सौम्य रुग्णांतही तो थोडाफार वाढला होता. पण घाबरून जायचे कारण नाही. पहिल्या महिन्यात फुप्फुसात गुठळी झालेले रुग्ण दर दहा हजारांत साधारण १७ होते. म्हणजे बहुतेकांना काहीच झाले नाही. ज्यांना झाले, त्यांना ते वेळेत ओळखता येणे महत्त्वाचे.

*फ्लू.* ‘नुसता सर्दी-ताप’ म्हणून आपण तो अंगावर काढतो. कॅनडातील ओंटारिओ प्रांतातला २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, फ्लूचे निदान झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता एरवीपेक्षा सुमारे सहापट होती. फ्लूनंतरच्या दिवसांत लकव्याचे प्रमाणही वाढते असे इतर अभ्यासांत दिसले आहे.

*नागीण.* लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू नसांमध्ये दडून राहतो आणि उतारवयात किंवा अशक्तपणात नागीण होऊन बाहेर येतो. नागीण उठल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत लकव्याचा धोका वाढतो. ती कपाळावर किंवा डोळ्याभोवती असेल तर अधिक. हा विषाणू नसांच्या वाटेने मेंदूच्या रक्तवाहिन्यांपर्यंत पोचू शकतो. नागिणीची दोन तोंडे मिळाली की माणूस मरतो, ती मंत्राने उतरते, या समजुतींत आपण मोलाचे दिवस घालवतो. नागिणीवर विषाणूविरोधी गोळ्या आहेत आणि पुरळ उठल्यापासून तीन दिवसांच्या आत सुरू केल्या तर त्यांचा जास्त उपयोग होतो. गेरू लावून बसू नका, डॉक्टरकडे जा.

*डेंग्यू.* पावसाळ्यानंतर आपल्याकडे हमखास येणारा हा ताप मात्र उलट्या बाजूचा आहे. यात प्लेटलेट कमी होतात आणि रक्तस्राव होण्याची भीती असते. म्हणूनच पुढची सूचना ठळक अक्षरात वाचा.

स्वतःच्या मनाने ॲस्पिरिन घेऊ नका

‘रक्त पातळ करायची गोळी’ म्हणून कोरोनानंतर ॲस्पिरिन घराघरांत पोचली. शेजाऱ्याला दिली म्हणून आपणही आणली, असे झाले. ताप कशाचा आहे हे तपासणीशिवाय कळत नाही. तो डेंग्यू असेल तर ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी रक्तस्राव वाढू शकतो. तापावर पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी, बाकी सगळे डॉक्टरच्या सल्ल्याने. शिवाय इंग्लंडमध्ये रुग्णालयात दाखल कोरोना रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीत ॲस्पिरिनने मृत्यू कमी झाले नाहीत, हे २०२१ मध्येच स्पष्ट झाले.

मात्र ज्यांना हृदयविकारासाठी किंवा आधीच्या लकव्यासाठी डॉक्टरांनीच ही गोळी लिहून दिली आहे, त्यांनी ती आपल्या मनाने बंदही करू नये. ताप आल्याबरोबर त्याबद्दल डॉक्टरांना विचारावे.

लशीबद्दलचा प्रश्न

वस्तीत कुणी तरुण अचानक गेला की ‘लशीमुळेच’ असे बोलले जाते. याचे सरळ उत्तर द्यायला हवे. कोव्हिशिल्डच्या जातीच्या लशीमुळे फार थोड्या लोकांत गुठळ्यांचा एक वेगळा आजार झाला, हे खरे आहे. पण तो लस घेतल्यापासून पहिल्या काही आठवड्यांतच होत असे. चार-पाच वर्षांपूर्वीच्या लशीमुळे आज गुठळी होईल, अशी भीती बाळगायचे कारण नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशातील ४७ रुग्णालयांत १८ ते ४५ वयोगटातील अचानक मृत्यूंचा अभ्यास केला. तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. लशीमुळे असा धोका वाढलेला त्यात आढळला नाही. धोका वाढलेला दिसला तो पूर्वी कोरोनाने रुग्णालयात राहावे लागलेल्यांत, घरात अचानक मृत्यूचा इतिहास असलेल्यांत, मृत्यूच्या आधीच्या दोन दिवसांत खूप दारू प्यालेल्यांत आणि अतिश्रम केलेल्यांत. यातल्या शेवटच्या दोन गोष्टी आपल्या हातात आहेत.

आपल्यात कोणाला जास्त जपायचे?

साठीच्या पुढचे, रक्तदाब किंवा साखरेचे रुग्ण, तंबाखू-बिडी-गुटखा घेणारे, हृदयाचे ठोके अनियमित असणारे, पूर्वी लकवा किंवा झटका येऊन गेलेले, यांना धोका अधिक. लकव्याचे सगळ्यांत मोठे कारण आजही वाढलेला रक्तदाबच आहे. विषाणूचा ताप बहुधा त्या भरलेल्या घरात शेवटची काडी टाकतो. तापात तोंडाला चव नसते म्हणून माणूस रक्तदाबाची गोळी सोडतो, आणि बरे वाटल्यावरही ती पुन्हा सुरू होत नाही. हे टाळा.

याशिवाय दोन गोष्टी आपल्या घरांनी मुद्दाम लक्षात ठेवाव्यात.

पहिली, सिकलसेल. नागपूरचे डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी १९५८ मध्ये मध्य भारतातील सिकलसेलची नोंद केली. तेव्हापासून हे माहीत आहे की, सातपुड्यातील आदिवासी बांधवांप्रमाणेच हा आजार आपल्या समाजातही आहे, विशेषतः विदर्भात. खानदेशातल्या आपल्या घरांच्या सोयरिकी बुलढाणा, अकोला, नागपूरपर्यंत आहेत. सिकलसेलच्या रुग्णाचे रक्त एरवीही अडकते. त्यात ताप आला, पाणी कमी पडले की ते अधिक अडकते. या आजारात लहान मुलालाही लकवा होऊ शकतो. म्हणून सिकलसेलच्या मुलाला ताप आला की घरी थांबू नका. वाहक असणे वेगळे. वाहक बहुतेक निरोगी असतात, पण नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक असते. सरकारचे सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ पासून सुरू आहे. सोयरीक जमवताना पत्रिका पाहण्याऐवजी ही तपासणी करून घ्या.

दुसरी, बाळंतीण. बाळंतपणानंतर पहिले सहा आठवडे बाईचे रक्त तसेही लवकर गोठते. त्यात ‘पाणी जास्त प्यायलं तर पोट सुटेल, बाळाला सर्दी होईल’ म्हणून तिला पाणी मोजून देण्याची रीत अजून काही घरांत आहे. ताप आणि कमी पाणी एकत्र आले तर मेंदूच्या शिरांमध्ये गुठळी होऊ शकते. बाळंतिणीचे डोके सतत आणि वाढत्या क्रमाने दुखत असेल, उलट्या होत असतील, अंधुक दिसत असेल किंवा झटके आले, तर ‘बाहेरचं’ समजून अंगारा लावू नका. तिला दवाखान्यात न्या. आणि सासूबाई, आईबाई, तिला पोटभर पाणी पिऊ द्या.

लकवा कसा ओळखायचा?

घरातल्या शाळकरी पोरालाही करता येतील अशा तीन तपासण्या आहेत.

१. हसायला किंवा दात दाखवायला सांगा. तोंड एका बाजूला वाकडे होते का?
२. डोळे मिटून दोन्ही हात समोर वर धरायला सांगा. एक हात आपोआप खाली येतो का?
३. एक साधे वाक्य म्हणायला सांगा, ‘आज आपल्या गावचा बाजार आहे.’ जीभ अडखळते का, शब्द भलतेच येतात का?

तिन्हींपैकी एकही बिघडलेले असेल तर लकवा समजा आणि १०८ ला फोन करा. अचानक एका डोळ्याने दिसेनासे होणे, तोल जाणे, पूर्वी कधी नव्हते असे भयंकर डोके दुखणे, हीही लक्षणे आहेत. लक्षण दहा मिनिटांत आपोआप गेले तरी दवाखान्यात जा. तो पुढच्या मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो. कधी कधी विषाणूमुळे फक्त चेहऱ्याची नस सुजूनही तोंड वाकडे होते आणि तो लकवा नसतो. पण तो फरक ठरवणे डॉक्टरचे काम आहे, आपले नाही.

साडेचार तासांचा हिशेब

मेंदूतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आहे. ते लक्षण सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि जितके लवकर तितका फायदा अधिक. त्याआधी सीटी स्कॅन करावेच लागते, कारण काही लकवे गुठळीचे नसून रक्तवाहिनी फुटून झालेले असतात. त्यांना हे इंजेक्शन दिले तर घात होईल. म्हणून घरी ॲस्पिरिन देणेही चूक.

आता आपल्याकडचा हिशेब मांडा. चोपडा, यावल, रावेर, शिरपूर किंवा साक्रीच्या खेड्यातून जिल्ह्याच्या गावी यायला तास-दीड तास सहज जातो. दवाखान्यात तपासणी आणि स्कॅनला आणखी वेळ. म्हणजे घरातून निघायला आपल्या हातात फार वेळ नसतो. ‘आबा, जरा पडून राहा, बरं वाटेल’ असे म्हणत आपण दुपारची संध्याकाळ करतो. तिथेच पाय कायमचा जातो.

या वेळेत काय करू नये:
- पाणी, चहा, गोळी काहीही तोंडात घालू नका. गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जाते.
- रक्तदाबाची गोळी जिभेखाली ठेवू नका.
- मालिश, कबुतराचे रक्त, झाडपाल्याचे तेल, कांदा हुंगवणे यांत वेळ घालवू नका.
- गावातल्या दवाखान्यात सलाईन लावून थांबू नका.

काय करावे: माणसाला कुशीवर झोपवा. तो शेवटचा ठणठणीत कधी दिसला ती वेळ कागदावर लिहा, डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात. चालू गोळ्यांची पाकिटे, आधार आणि रेशन कार्ड बरोबर घ्या. जळगावला आणि धुळ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. तुमच्या गावापासून जवळ, रात्रीही सीटी स्कॅन होते असे रुग्णालय कोणते, हे आजच विचारून ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. दाखल झाल्याबरोबर त्याला गाठा आणि हा उपचार योजनेत बसतो का ते विचारा.

पायाचेही लक्षात असू द्या. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखते आणि गरम लागते तर ती चोळू नका. चोळल्याने गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. अचानक दम लागला, श्वास घेताना छातीत कळ आली किंवा खोकल्यातून रक्त पडले तर तेही १०८ चेच काम आहे.

तापानंतरचा महिना कसा घालवायचा?

- तहान लागायची वाट न पाहता पाणी पीत राहा. लघवी पिवळीधमक होत असेल तर पाणी कमी पडते आहे. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर किती प्यायचे ते डॉक्टरांना विचारा.
- ताप असला तरी दिवसातून चार-पाच वेळा उठून घरात फिरा. उठता येत नसेल तर पडल्या पडल्या पावले वर-खाली हलवा.
- रक्तदाब आणि साखरेच्या गोळ्या चुकवू नका. ताप गेल्यावर आठवडाभरात दोन्ही तपासून घ्या. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत.
- केळीचे घड वाहणे, हमाली, बांधकाम अशी जड कामे लगेच पूर्ण जोमाने सुरू करू नका. हातावर पोट असणाऱ्याला हे सांगणे सोपे नाही, हे खरे. निदान पहिला आठवडा हलके काम मागून घ्या आणि भर उन्हातले टाळा.
- तंबाखू आणि दारू या महिन्यात तरी बंद. जमले तर पुढेही बंदच ठेवा.
- ६ डिसेंबरला दादरला किंवा धम्मचक्र दिनाला नागपूरला जायचे असेल आणि नुकताच ताप येऊन गेला असेल, तर गाडीत आठ तास एका जागी बसू नका. दर तासा-दोन तासाला उठून दोन पावले चाला, आणि शौचालयाच्या अडचणीमुळे पाणी पिणे तोडू नका.
- वृद्धांनी आणि हृदयविकाराच्या रुग्णांनी फ्लूच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचारावे.

रविवारी विहारात वंदना झाल्यावर सगळे जमतातच. एखाद्या रविवारी आशाताईंना बोलवा, रक्तदाब मोजायचे यंत्र ठेवा आणि वस्तीतल्या चाळिशीपुढच्या प्रत्येकाचा आकडा वहीत लिहा. तरुण पोरांना त्या तीन तपासण्या करून दाखवा. वस्तीत गाडी कुणाकडे आहे आणि रात्री दोन वाजता कुणाला उठवायचे, त्यांचे नंबर विहाराच्या फळ्यावर १०८ च्या खाली लिहून ठेवा. या सगळ्याला एक सकाळ आणि एक खडू पुरतो.